सीडी४ आणि व्हायरल लोड: एचआयव्हीच्या वाटचालीचा अंदाज रक्ताच्या रिपोर्टावरून कसा घ्यावा

एचआयव्हीचे निदान झालेला माणूस गडचिरोलीचा असो की बुलढाण्याचा, काउन्सेलरसमोर थोडा सावरून बसला की तो बहुधा एकच प्रश्न विचारतो, ‘किती वर्षं आहेत जी माझ्यापाशी?’ या प्रश्नाला तारीख घालून उत्तर देणारी तपासणी जगात कुठेही नाही. मात्र औषधे नसतील तर आजार साधारण कोणत्या वेगाने पुढे सरकेल, येत्या काही महिन्यांत कोणत्या संसर्गांचा धोका अधिक आहे आणि चालू असलेली औषधे खरोखर काम करीत आहेत की नाहीत, या तीन गोष्टींचा बऱ्यापैकी भरवशाचा अंदाज दोन तपासण्यांवरून बांधता येतो. त्यांपैकी एक सीडी४ पेशींची, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीतील पांढऱ्या पेशींची मोजणी आणि दुसरी व्हायरल लोड, म्हणजे एक मिलिलिटर रक्तातील विषाणूंची मोजणी. स्वतःचा रिपोर्ट हाती असलेली व्यक्ती, तिच्या घरची माणसे आणि गावात त्यांना धीर देत समजावून सांगणाऱ्या आशाताई यांनी हे दोन कागद शेजारी ठेवून कसे वाचावेत, ते येथे मांडले आहे. औषध बदलण्याचा किंवा नवीन औषध जोडण्याचा निर्णय एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधोपचार) केंद्रातील डॉक्टरांचाच राहील, हे गृहीत धरूनच पुढचे वाचावे.

आकडा पाहण्याआधी

कोणताही आकडा कितीही चांगला असला तरी तो औषध लांबणीवर टाकण्याचे कारण होत नाही, ही गोष्ट सर्वांत आधी पक्की करून घ्यावी लागते. तसे म्हणण्याला इतिहास आहे. भारतात सरकारी केंद्रांतून मोफत एआरटी १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली, तेव्हा साधारणपणे सीडी४ २०० च्या खाली गेल्यावर औषध मिळत असे. पुढे ही मर्यादा ३५० वर आणि नंतर त्याहूनही वर नेण्यात आली. त्या काळात ‘सीडी४ किती झाला’ याचा अर्थच ‘औषध कधी सुरू होणार’ असा होता, आणि तो हिशेब अनेकांच्या डोक्यात अजून तसाच बसलेला आहे. ‘माझा तर सहाशे आहे, कापूस निघाला की येतो’ असे म्हणणारी माणसे आजही भेटतात.

हा हिशेब मोडीत काढणारा पुरावा २०१५ मध्ये हाती आला. ‘स्टार्ट’ नावाच्या अभ्यासात ३५ देशांतील ४,६८५ जणांचा सहभाग होता आणि सुरुवातीला त्या सर्वांचा सीडी४ ५०० च्या वर होता. ज्यांना लगेच औषध दिले गेले त्यांच्यात गंभीर आजार किंवा मृत्यू यांचे प्रमाण, वाट पाहणाऱ्यांच्या तुलनेत, ५७ टक्क्यांनी कमी आढळले. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने सर्वांनाच औषध द्यावे असे सांगितले, आणि भारतात एप्रिल २०१७ पासून ‘तपासा आणि उपचार करा’ हे धोरण लागू झाले.

त्याआधीचा ‘स्मार्ट’ हा अभ्यासही ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण आकड्यावर विसंबून औषध थांबवण्याची कल्पना तेथे प्रत्यक्ष तपासली गेली. सीडी४ ३५० च्या वर गेला की औषध बंद आणि २५० च्या खाली आला की पुन्हा सुरू, अशी ती योजना होती. ५,४७२ जणांच्या या अभ्यासातील हा प्रयोग जानेवारी २००६ मध्ये थांबवावा लागला, कारण औषध थांबवलेल्या गटात संधिसाधू (प्रतिकारशक्ती खालावल्यावर होणारे) आजार किंवा मृत्यू यांचा धोका सुमारे २.६ पट निघाला. तेव्हा ‘पेशी वाढल्या, आता गोळ्यांना थोडी विश्रांती देऊ’ हा विचार कितीही स्वाभाविक वाटला तरी तो आजमावून झालेला आणि फसलेला आहे.

सीडी४ चा रिपोर्ट

सीडी४ या पांढऱ्या पेशींपैकी लिम्फोसाइट गटातील पेशी असून शरीराच्या प्रतिकाराची जुळवाजुळव मुख्यत्वे त्याच करतात. एचआयव्ही नेमका त्यांच्यातच शिरतो. निरोगी प्रौढ माणसात एका घन मिलिमीटर रक्तात त्या साधारण ५०० ते १,५०० असतात. औषध न घेतल्यास दरवर्षी सरासरी ५० ते १०० पेशी घटत जातात आणि संसर्गापासून एड्सच्या अवस्थेपर्यंत सरासरी दहा वर्षांच्या आसपासचा काळ जातो. ही सरासरी आहे, हे विसरू नये. काही जणांची दोन-तीन वर्षांतच घसरगुंडी होते, तर एक अगदी छोटा गट पंधरा-वीस वर्षे औषधाविनाही बरा राहतो. या फरकामागे विषाणूचा प्रकार, वय आणि माणसाची जनुकीय ठेवण अशी अनेक कारणे आहेत. एचएलए-बी ५७ आणि बी २७ ही जनुके असलेल्यांत आजार हळू चालतो, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. पण आपण कोणत्या गटात मोडतो हे आधी कळण्याचा सोपा मार्ग नाही आणि त्याची परीक्षा पाहत बसण्याची आता गरजही नाही.

आकड्याच्या पायऱ्या मात्र व्यवहारात फार उपयोगी पडतात, कारण प्रत्येक पायरीवर पुढचे काम ठरते. ३५० च्या खाली असल्यास कोट्रायमोक्साझोलची गोळी सुरू होते, जी न्यूमोनियाच्या एका विशिष्ट प्रकारापासून आणि टॉक्सोप्लाझ्मोसिसपासून (टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या संसर्गापासून) राखते. २०० च्या खाली आल्यास आजार ‘प्रगत अवस्थेत’ आहे असे मानतात. येथे डॉक्टर क्रिप्टोकोकसची रक्ततपासणी करतात, कारण हा बुरशीजन्य मेंदूज्वर लक्षणे दिसण्याआधी रक्तात सापडतो आणि वेळीच औषध दिल्यास टाळता येतो. १०० च्या खाली टॉक्सोप्लाझ्मा मेंदूत उचल खाण्याची भीती वाढते, तर ५० च्या खाली सीएमव्ही विषाणूमुळे डोळ्याचा पडदा खराब होऊन दृष्टी जाण्याचा धोका असतो, म्हणून अशा रुग्णाने ‘डोळ्यासमोर माशा उडतात’ असे सांगितले तर ते अशक्तपणावर ढकलू नये. क्षयरोग या पायऱ्यांना जुमानत नाही. तो सीडी४ ६०० असतानाही होतो, आणि आपल्या भागात एचआयव्हीबाधित माणसाचा जीव घेणाऱ्या आजारांत तोच पुढे आहे. खोकला, ताप, वजनातील घट आणि रात्रीचा घाम या चार गोष्टी दर भेटीत विचारल्याच पाहिजेत, मग रिपोर्ट काहीही म्हणो.

आता रिपोर्टातील टक्केवारीकडे वळू, कारण बहुतेक जण ती ओळ वाचतच नाहीत. सीडी४ चा आकडा एकूण पांढऱ्या पेशी किती, त्यांत लिम्फोसाइट किती आणि त्यांत सीडी४ चा वाटा किती, या तिन्हींवर अवलंबून असतो. समजा एखाद्या ताईंच्या पांढऱ्या पेशी ६,०००, लिम्फोसाइट ३० टक्के आणि सीडी४ २० टक्के आहेत. म्हणजे लिम्फोसाइट १,८०० आणि त्यांचे २० टक्के, म्हणजे सीडी४ ३६०. सहा महिन्यांनी त्या तापातून नुकत्या उठल्या असताना रक्त दिले आणि पांढऱ्या पेशी ४,०००, लिम्फोसाइट २५ टक्के, सीडी४ २१ टक्के आल्या, तर हिशेब २१० वर येतो. ३६० वरून २१० म्हणजे आजार झपाट्याने वाढला, असे घरच्यांना वाटणे साहजिक आहे. पण टक्केवारी २० ची २१ झालेली आहे, म्हणजे प्रतिकारशक्ती मुळात ढासळलेली नाही, तापामुळे लिम्फोसाइटची एकूण संख्या तात्पुरती कमी झाली आहे. तब्येत सुधारल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा मोजणी करणे हाच येथे योग्य मार्ग. टक्केवारी १४ च्या खाली गेली असेल, तर मात्र आकडा २०० च्या वर असला तरी दुर्लक्ष करू नये.

ज्वर, क्षयरोग, शस्त्रक्रिया, स्टिरॉइडची औषधे आणि गर्भारपण या सर्वांनी आकडा हलतो. दिवसाच्या वेळेनेही तो बदलतो. दुपारच्या सुमारास कमी आणि संध्याकाळी जास्त अशी त्याची रीत आहे. तपासणी करणाऱ्या यंत्रागणिक थोडा फरक पडतो. हे सर्व लक्षात घेता दोन मोजण्यांत २५ ते ३० टक्क्यांपर्यंतचा फरक एकट्याने काहीच सिद्ध करीत नाही. म्हणूनच ‘आमच्या जडीबुटीने ३१० चा ३६० केला’ असे सांगणाऱ्या वैदूचा दावा रिपोर्ट खरा असूनही पोकळ असतो, कारण तेवढा फरक काहीही न घेता पडतो. खाली गेल्यावर मात्र तोच माणूस रिपोर्ट मागत नाही.

नमुन्याची काळजी हा आपल्याकडचा खास प्रश्न आहे. सीडी४ साठी जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त घेतात आणि ते खोलीच्या तापमानात ठेवून शक्यतो त्याच दिवशी, फार तर ४८ तासांत यंत्रावर जावे लागते. मे महिन्यात चंद्रपूर किंवा अकोल्याचा पारा ४५ अंशांवर असताना एसटीच्या टपाजवळ किंवा मोटारसायकलच्या डिकीत तापलेला नमुना खोलीच्या तापमानात राहिला असे म्हणता येत नाही. उलट तो थेट बर्फाला टेकवून नेला तरीही पेशी बिघडतात. एखादा आकडा आधीच्या सर्व आकड्यांशी अगदीच विसंगत आला, तर माणसाला घाबरवण्याआधी नमुना कधी घेतला आणि कसा पोहोचला, हे विचारावे.

व्हायरल लोडचा रिपोर्ट

सीडी४ आजवर झालेले नुकसान सांगतो, तर व्हायरल लोड पुढच्या नुकसानीचा वेग सांगतो. विहिरीत पाणी किती उरले आहे आणि मोटार किती जोरात उपसते आहे, या दोन वेगळ्या चौकश्या आहेत, आणि विहीर कधी कोरडी पडेल हे ठरवायला दोन्ही लागतात.

संसर्गानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत रक्तातील विषाणूंची संख्या प्रचंड वाढते, मग शरीर तिला काहीशी आवर घालते आणि साधारण सहा महिन्यांच्या आत ती एका पातळीवर स्थिरावते. ही पातळी प्रत्येकाची वेगळी असते आणि औषध नसताना आजाराचा वेग तीच बऱ्याच अंशी ठरवते. १९९६-९७ मध्ये पिट्सबर्गचे डॉ. जॉन मेलर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे आकड्यांत दाखवून दिले. अमेरिकेतील चार शहरांत १९८४ पासून ज्यांची नियमित तपासणी चालू होती अशा १,६०४ पुरुषांचे साठवलेले रक्त त्यांनी तपासले. सहा वर्षांत एड्सच्या अवस्थेला पोहोचणाऱ्यांचे प्रमाण, सुरुवातीचा व्हायरल लोड ५०० किंवा त्याहून कमी असणाऱ्यांत ५.४ टक्के होते; ५०१ ते ३,००० मध्ये १६.६, ३,००१ ते १०,००० मध्ये ३१.७, १०,००१ ते ३०,००० मध्ये ५५.२ आणि ३०,००० च्या वर ८० टक्के. एका वेळच्या एका तपासणीवरून एवढी स्पष्ट विभागणी सीडी४ ने दाखवली नव्हती. आणि दोन्ही एकत्र घेतल्यावर अंदाज आणखी नेमका झाला.

हे आकडे जसेच्या तसे आपल्या रिपोर्टाला लावू नयेत, याची तीन कारणे आहेत. त्या काळच्या मोजणीपद्धतीचे आकडे नंतरच्या पीसीआर यंत्रांच्या तुलनेत कमी, जवळपास निम्मे भरत. अभ्यासातील सर्व जण पुरुष होते, आणि सीडी४ सारखाच असताना स्त्रियांचा व्हायरल लोड पुरुषांपेक्षा कमी आढळतो, तरी त्यांचा आजार तेवढ्याच वेगाने वाढतो. म्हणून एखाद्या बाईचा ‘कमी’ व्हायरल लोड दिलाशाचे कारण समजणे चूक ठरते. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे, ते म्हणजे हे प्रमाण प्रभावी औषधे न मिळालेल्यांचे आहे. औषध सुरू झाले की हा तक्ता त्या माणसाला लागू राहत नाही.

व्हायरल लोडमधील बदल वजाबाकीने मोजत नाहीत, पटीने मोजतात. या मापाला लॉग म्हणतात आणि एक लॉग म्हणजे दहापट. ८०,००० चे ४०,००० झाले तर मोठी घट वाटते. पण एवढा, म्हणजे ०.३ लॉगचा फरक यंत्राच्या आणि शरीराच्या नेहमीच्या चढउतारात बसतो. साधारण तिप्पट किंवा एक तृतीयांश, म्हणजे ०.५ लॉग, याहून मोठा बदल झाला तरच तो खरा मानतात. ८०,००० चे ८,००० झाले तर तो पूर्ण एक लॉगचा फरक, आणि तो मात्र औषधानेच घडतो. रिपोर्टावर आकड्याशेजारी लॉगची किंमत छापलेली असते, तिच्याकडे बोट ठेवून समजावले तर लवकर कळते.

दोन्ही कागद शेजारी ठेवून

नुकतेच निदान झालेल्या माणसाचा सीडी४ ६५० आणि व्हायरल लोड २,००,००० असेल, तर आज त्याला काहीही होत नसले तरी घट वेगाने होणार असे समजावे. ‘मला तर काही त्रास नाही’ म्हणणाऱ्याला नेमके हेच उदाहरण पटते. सीडी४ १२० आणि व्हायरल लोड १५,००० असेल, तर वेग बेताचा असला तरी शिल्लक फार थोडी आहे, आणि या माणसाचा धोका येत्या काही आठवड्यांचा आहे. त्याची क्षयरोग व क्रिप्टोकोकसची तपासणी पुढच्या तारखेवर ढकलू नये. नवीन रुग्णाचा व्हायरल लोड काढण्याची सोय प्रत्येक ठिकाणी नसते आणि औषध सुरू करायला त्याची अटही नाही. सीडी४ मात्र सुरुवातीलाच व्हावा, कारण प्रगत अवस्थेतील माणूस वरवर धडधाकट दिसू शकतो.

औषध चालू असताना अर्थ बदलतो. व्हायरल लोड दबलेला आहे आणि तरी सीडी४ २०० च्या वर सरकत नाही, असे काही जणांत होते. विशेषतः ज्यांनी फार उशिरा औषध सुरू केले किंवा ज्यांचे वय जास्त आहे त्यांच्यात. येथे औषध निकामी झालेले नसते, प्रतिबंधक गोळ्या मात्र चालू ठेवाव्या लागतात. याच्या उलट सीडी४ अजून ४५० आहे पण व्हायरल लोड १२,००० वर गेला, ही स्थिती अधिक फसवी असते. पेशींची घट महिन्यांनी दिसेल. विषाणू आजच सुटलेला आहे. औषध फसत असल्याचा पहिला निरोप व्हायरल लोड देतो, म्हणूनच उपचारावर देखरेखीसाठी त्यालाच मान आहे.

राष्ट्रीय कार्यक्रमात औषध सुरू केल्यावर सहाव्या आणि बाराव्या महिन्यात व्हायरल लोड होतो आणि नंतर वर्षातून एकदा. १,००० च्या खाली असल्यास विषाणू दबलेला मानतात. ५० ते १,००० च्या मधले आकडे एखाद्या वेळी येऊन पुढच्या वेळी नाहीसे होऊ शकतात. १,००० च्या वर आल्यास लगेच औषध बदलत नाहीत. गोळ्या का चुकतात याचा शोध घेऊन काउन्सेलिंग वाढवतात आणि तीन महिने नियमित गोळ्या झाल्यावर तपासणी पुन्हा करतात.

हा शोध घेताना कॅलेंडर पाहावे. मिरची तोडणीसाठी तेलंगणात गेलेले गडचिरोली-चंद्रपूरचे मजूर आणि वीटभट्टीवर गेलेली कुटुंबे यांच्या गोळ्या हंगामात संपतात, आणि नवीन ठिकाणी विचारायची लाज वाटते. जाण्याआधी केंद्रात सांगितल्यास स्थिर रुग्णाला एकदम जास्त महिन्यांच्या गोळ्या मिळू शकतात. दुसरे कारण दुसऱ्या गोळ्यांशी होणारी गाठ. आजच्या टीएलडी (तीन एचआयव्हीविरोधी औषधांची एकत्रित) गोळीतील डोलुटेग्रावीर हे औषध रिकाम्या पोटी लोह किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतले तर पोटात नीट शोषले जात नाही. आशाताई ज्या गरोदर बाईला लोहाच्या गोळ्या देतात तिने दोन्ही जेवणाबरोबर घ्याव्यात, नाहीतर टीएलडी दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. आम्लपित्ताच्या अँटासिडबाबत जेवणाची सवलत नाही. तेथे अंतर ठेवावेच लागते. क्षयरोगाचे रिफाम्पिसिन चालू असल्यास डोलुटेग्रावीरचा डोस दिवसातून दोनदा करावा लागतो, म्हणून एआरटी आणि क्षयरोग या दोन्ही केंद्रांना एकमेकांच्या औषधांची माहिती हवी.

फार कमी सीडी४ असताना औषध सुरू केलेला माणूस पहिल्या काही आठवड्यांत अधिक आजारी दिसू लागतो, ताप येतो, मानेत गाठी येतात, आणि घरचे म्हणतात की गोळ्यांनीच बिघडले. प्रत्यक्षात व्हायरल लोड उतरत असतो आणि जागी झालेली प्रतिकारशक्ती आत दडलेल्या क्षयरोगासारख्या संसर्गावर तुटून पडलेली असते. गोळ्या स्वतःहून बंद न करता त्याच दिवशी केंद्र गाठावे.

इतर तपासण्या

सीडी४ चे यंत्र दूर असताना एकेकाळी एकूण लिम्फोसाइट १,२०० च्या खाली असणे ही त्याची जागा घेणारी खूण मानत. आता तिच्यावर विसंबण्याचे कारण उरलेले नाही. हिमोग्लोबिनचे तसे नाही. रक्तक्षय असलेल्या एचआयव्हीबाधितांत मृत्यूचा धोका सीडी४ समान असतानाही जास्त आढळतो, आणि ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते. अडचण एवढीच की पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्तक्षय करणारा आनुवंशिक आजार आहे, शेतमजूर बायकांत लोहाची कमतरता सर्रास आहे आणि जुन्या उपचारातील झिडोवुडीननेही हिमोग्लोबिन उतरते. म्हणून ८ हिमोग्लोबिन पाहून ‘एचआयव्ही वाढला’ असे म्हणण्याआधी सिकलसेलची तपासणी झाली आहे का, ते पाहावे. वजन ही फुकटची आणि चांगली खूण आहे. कारण नसताना ते दहा टक्क्यांहून जास्त उतरले, तर सीडी४ ची पुढची तारीख येईपर्यंत थांबू नये.

सीडी४ आणि सीडी८ (लिम्फोसाइटचाच दुसरा प्रकार) यांचे गुणोत्तर निरोगी माणसात सहसा एकाच्या वर असते आणि एचआयव्हीत उलटते. उपचारानंतरही ते फार कमी राहिल्यास शरीरात दाह चालू असल्याचे लक्षण मानतात. निओप्टेरिन आणि बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन या रक्तातील घटकांचा ऐंशीच्या दशकात या अंदाजासाठी बराच वापर झाला, नंतर व्हायरल लोडने त्यांची गरज संपवली. आयएल-६ आणि डी-डायमर या रक्तातील इतर दोन खुणांचा मृत्यूच्या धोक्याशी घट्ट संबंध ‘स्मार्ट’मधील रक्तनमुन्यांतून दिसला, पण त्यांच्या निकालावरून उपचारात काय बदलायचे हे ठरलेले नसल्यामुळे नागपूरच्या खासगी लॅबमध्ये त्यांवर पैसे घालवू नयेत. एलायझाच्या (एचआयव्हीचे निदान करणाऱ्या तपासणीच्या) रिपोर्टावरील आकडा तर आजाराची तीव्रता सांगतच नाही. तो फक्त प्रतिपिंडे आहेत का, एवढेच सांगतो. व्हायरल लोड ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ (विषाणू सापडला नाही) आला तरी एलायझा पॉझिटिव्हच राहील, आणि तसे राहणे म्हणजे औषध फसले असे नाही.

जेथे हे नियम बदलतात

पाच वर्षांखालील मुलांत सीडी४ मुळातच जास्त असतो, त्यामुळे प्रौढांच्या पायऱ्या त्यांना लावू नयेत. टक्केवारी पाहतात, आणि इतक्या लहान वयात निदान झाले की अवस्था प्रगत धरूनच काम सुरू करतात. गरोदरपणात रक्त पातळ झाल्यामुळे आकडा उतरतो, टक्केवारी फारशी हलत नाही. तेथे शेवटच्या महिन्यांतील व्हायरल लोड अधिक मोलाचा, कारण बाळाला होणारा धोका आणि बाळाची प्रतिबंधक औषधे त्यावरून ठरतात. एचआयव्ही-२ हा प्रकार महाराष्ट्रात थोडा का होईना आहे. तो सावकाश वाढतो, पण एचआयव्ही-१ साठी बनवलेल्या व्हायरल लोडच्या तपासणीत तो दिसत नाही. सीडी४ सतत उतरत आहे आणि व्हायरल लोड मात्र सापडत नाही, असे घडल्यास हा प्रकार कोणता आहे याची खात्री केली होती का, हे डॉक्टरांना विचारावे.

नोंद कशी ठेवावी

एका वहीच्या पानावर तारीख, लॅबचे नाव, सीडी४, त्याची टक्केवारी, व्हायरल लोड, वजन आणि हिमोग्लोबिन असे रकाने आखावेत आणि शेवटी ‘त्या वेळी काय आजार होता, किती गोळ्या चुकल्या’ असा एक रकाना ठेवावा. तीन-चार ओळी झाल्या की उतार किंवा चढ स्वतःच दिसू लागतो, आणि तोपर्यंत एकाच आकड्यावरून निष्कर्ष काढण्याचा मोह आवरावा. शक्यतो त्याच लॅबमध्ये, सकाळच्या त्याच सुमारास रक्त द्यावे. केंद्र बदलायचे असल्यास बदलीचा कागद आणि या पानाची झेरॉक्स सोबत न्यावी, म्हणजे नवीन डॉक्टरला पहिल्यापासून अंदाज बांधावा लागत नाही.

हे पान घरात कोठे ठेवायचे, ते आधी ठरवावे. लहान गावात रिपोर्टाचा मोबाइलवरचा फोटो एकाकडून दुसऱ्याकडे जायला वेळ लागत नाही. वाचून घेण्यासाठीही तो कोणाला पाठवू नये, कागद घेऊन समोर बसावे. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार आपली स्थिती उघड करण्याची सक्ती कोणीही करू शकत नाही, अपवाद न्यायालयाच्या आदेशाचा. आणि उपचारातून मिळालेली ही माहिती गुप्त ठेवणे संबंधितांवर बंधनकारक आहे. रिपोर्टातील एखादी ओळ कळली नाही आणि केंद्राची तारीख दूर असेल, तर राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनच्या १०९७ या मोफत क्रमांकावर नाव न सांगता विचारता येते.